वाया जाणारी फ्रेम

नाना, उद्या सकाळी अकरा वाजता धुळ्याला सुनावणी आहे. तुम्ही जाऊन आज सतरावा दिवस. तुमच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि ती जागेवर आहे ना, हे मी दर थोड्या वेळाने चाचपून बघते. कपाट उघडंच आहे. आतलं सगळं बाहेर काढून तुमच्या पलंगावर मांडलंय. तरी किल्ली चाचपते.

कारखान्यातल्या तुमच्या आणि बाबांच्या जुन्या सोबत्यांनी परवा बाबांना गाठलं. शोकसभेचं पत्रक काढायचंय, म्हणाले, तुमच्या मुलीला नानांवर चार चांगल्या ओळी लिहून द्यायला सांगा. जन्म, शिक्षण, नोकरी, छंद, मागे पत्नी, म्हणजे अक्का. मी बसले आणि ओळ निघेना. आमच्या घरात गव्हाच्या कोठीशेजारी बाबांच्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी पाढे लिहिले ते उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पहिल्या पाळीला कारखान्याच्या फाटकाशी बाबा पत्रकं वाटायचे, आणि वाटता वाटता मलाच मोठ्याने वाचायला लावायचे. अशा मुलीकडून तुमच्यावर एक पत्रक निघेना. म्हणून तुम्हालाच लिहिते. हे चार ओळींत मावणार नाही, आणि सगळं चांगलंही नसेल. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

"रविवारी ये, सांगतो." हे तुम्ही माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य.

त्या गुरुवारी फोनवर मी जवळजवळ ओरडत होते. अक्काच्या माहेरच्या गावाला लागून असलेला माळ मुरमाच्या खाणीला द्यायचा घाट घातलाय. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागलीय, हरकती मागवल्यात, आणि सोबतच्या अहवालात म्हटलंय की ती जमीन पडीक आहे, तिथे कोणताही पशुपक्षी राहत नाही. "नाना, तुम्ही दर उन्हाळ्यात अक्कासोबत तिथे जाता. फोटो असतील ना तुमच्याकडे?" मी पुन्हा विचारलं, "असतील ना?" तुम्ही खोकलात. "कुठले कुठले आहेत ते तरी सांगा, मला हरकत लिहायचीय." तेव्हा ते वाक्य आलं. शनिवारी दुपारी जेवण करून तुम्ही आडवे झालात ते उठलाच नाहीत.

रविवारी तुम्ही खरंच सांगणार होतात की मला टाळत होतात, हे मला कधीच कळणार नाही. गेले सतरा दिवस मी दोन्ही गोष्टी आळीपाळीने खऱ्या मानते. टाळत असाल, तर त्याला कारण होतं. ते कारण मी होते.

घुबडांचं सांगते. आपण दोघांनी त्यावर आठ वर्षं एक शब्द काढला नाही, म्हणून आता सांगते. मी एकोणीस वर्षांची होते. वरणगावच्या पलीकडच्या नाल्यात, मातीच्या दरडीच्या कपारीत शृंगी घुबडाची जोडी होती. तुम्ही मला दाखवली होती. तीन पिल्लं होती, कापसाच्या बोंडासारखी, आणि डोळे मात्र विड्या ओढून ओढून लाल झालेल्या म्हाताऱ्यांसारखे. वीटभट्टीवाले ती दरड खणत खणत जवळ येत होते. मी पेटले. पत्रक काढलं. पाचशे प्रती. नाल्याचं नाव, पुलापासून किती पावलं, कोणत्या बाभळीखाली, सगळं लिहिलं. नकाशाही काढला. लोकांना कळू द्या, लोक येतील, म्हटलं.

लोक आले. रविवारी मोटारसायकलींची रांग लागली. पोरांनी फोन वर धरून दरडीवर खडे मारले, पिल्लांनी मान फिरवावी म्हणून. सोमवारी दोन माणसं आली, ती बघायला आली नव्हती. मंगळवारी कपार रिकामी होती. घुबड कशासाठी नेतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणी बोलत नाही.

तुम्ही संध्याकाळी आमच्या घरी आलात. आईने चहा ठेवला. तुम्ही खिशातून माझं पत्रक काढलं, मांडीवर सपाट केलं आणि म्हणालात, "छपाई चांगली झालीय. एकही चूक नाही."

बाबा म्हणाले, "नाना, बोला ना तिला. रागवा."

"काय बोलू? तिनं सगळं खरं लिहिलंय."

त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. चहा पूर्ण पिऊन तुम्ही गेलात. पत्रकाची चार घड्यांची पुडी करून परत खिशात घातलीत. मला वाटलं, घरी जाऊन फाडाल. नाना, ते पत्रक परवा मला तुमच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत सापडलं. आठ वर्षं तुम्ही ते लेन्स पुसायच्या फडक्याखाली ठेवलं होतं. माझी चूक विसरू नये म्हणून, की छपाई खरंच चांगली होती म्हणून? हेही रविवारीच विचारायला हवं होतं.

त्यानंतर वर्षभर तुम्ही मला कुठे नेलं नाहीत. मग नेऊ लागलात, पण जिथे सगळेच जातात अशा ठिकाणी. हतनूरच्या पाण्यावर बदकं बघायला. आणि आपलं भांडण सुरू झालं ते तिथेच, बंधाऱ्यावर बसून, अक्काने दिलेल्या दशम्या खात.

"लोकांना माहीतच नसेल, तर ते भांडतील कशासाठी?" मी म्हणायचे.

"माहीत झाल्यावर भांडायला पाच येतात, बघायला पन्नास, आणि न्यायला दोन. ते दोन पहिले पोचतात."

"म्हणून गुपित ठेवायचं? गुपित ठेवलेली जागा उद्या कुणी विकून टाकली तर?"

"तुझ्या प्रत्येक वाक्याची मूठ वळलेली असते गं. एक दशमी तरी मूठ उघडून खा."

तुम्ही असा विनोद करून निसटायचात. मला राग यायचा, कारण तुमच्याकडे उत्तर नव्हतं. आणि माझ्याकडे घुबडांचं उत्तर नव्हतं. दोघंही ते ओळखून बदकांकडे बघत बसायचो. तुम्ही दुर्बीण माझ्याकडे द्यायचात, म्हणजे भांडण संपलं असं समजायचं.

लोक तुम्हाला वेडं म्हणायचे, त्यात कौतुकाचा भाग कमी होता. आठ तास अशा कारखान्यात काम, जिथे कॅमेरा फाटकाच्या आत नेता येत नाही. उरलेल्या वेळात कॅमेरा गळ्यातून निघत नाही. "नाना, यंदा किती पाखरांची लग्नं लावली?" असं चहाच्या टपरीवर विचारायचे. खऱ्या लग्नाचे फोटो काढायला बोलावलं तर तुम्ही जायचा नाहीत. माणूस कॅमेरा बघितला की खोटं बोलायला लागतो, म्हणायचात. कुठल्या स्पर्धेला फोटो पाठवला नाहीत, प्रदर्शन भरवलं नाहीत. आणि अक्का, चाळीस वर्षं तुमच्यासोबत उन्हातान्हात फिरलेली अक्का, आल्यागेल्याला सांगायची, "पाखरेसना हजार फोटू, मना एक बी नही." ती हसत सांगायची. तुम्हीही हसायचात. मला वाटायचं, हा अन्याय आहे. एकदा मी तसं तोंडावर म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "यावर पत्रक काढ."

तुम्ही गेलात त्या दिवशी भिंतीवर लावायला तुमचाही फोटो मिळाला नाही. ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. त्यात तुम्ही पंचवीस वर्षांचे आहात आणि घाबरलेले दिसता.

तर दहावं झाल्यावर अक्काने किल्ली माझ्या हातात दिली आणि मी कपाट उघडलं. बुटांची खोकी, खोक्यांत फोटो, प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात पक्ष्याचं नाव आणि जागा. मी खाली सतरंजीवर बसले आणि वाचायला लागले. हतनूर. मेहरूण. पाल. लळिंग. हतनूर. हतनूर. दोन दिवस मी सगळी खोकी वाचली. अक्काच्या माहेरच्या गावाचं नाव एकाही फोटोमागे नव्हतं. एकाही.

काय वाटलं सांगू? मला वाटलं, तुमच्याकडे काहीच नव्हतं. दर उन्हाळ्यात सासरी जाऊन तुम्ही आमरस खाऊन झोपत होतात, आणि ते कबूल करायला नको म्हणून रविवारचा वायदा केलात. मेलेल्या माणसावर मी रागावले, त्याच्याच घरात, त्याच्याच सतरंजीवर. सुनावणीला सहा दिवस होते. हरकतीत लिहायला माझ्याकडे तळमळ होती, आणि तळमळ जोडपत्र म्हणून जोडता येत नाही.

अक्का चहा घेऊन आली. माझ्यापुढे फोटोंचा एक ढीग होता. सगळ्यांत तोच पक्षी. विटकरी छाती, पांढरी भुवई, लांब पाय, तपकिरी ढेकळांतून पळताना एक पाय उचललेला. मागे लिहिलेलं, धाविक, हतनूर. अक्काने कप खाली ठेवला, वरचा फोटो उचलला आणि चष्म्याशिवायच लांब धरून बघितला.

"हाई हतनूर नही शे."

"मागे लिहिलंय, अक्का."

"लिखेल ऱ्हाऊ दे. तू फोटू देख ना माय. पानी दिखस का कोठे?"

नाना, मला ते सुचलं नव्हतं. दोन दिवस मी मागची बाजू वाचत होते. पुढची बघतच नव्हते. धाविक म्हणजे कोरड्या माळावरची, पाण्याच्या कडेला घर न करणारी, हे तुम्हीच मला शिकवलं होतं, आणि तरी तुमचं अक्षर दिसलं आणि मी विश्वास ठेवला. छापलेलं, लिहिलेलं खरं, अशी माझी वाढच आहे. तुम्हाला ते पक्कं माहीत होतं. घुबडांनंतर तुम्ही जुन्या फोटोंवरच्यासुद्धा जागा खोडून खोट्या लिहिल्यात. खोडरबराचे डाग आता दिसायला लागले मला. चाळीस वर्षांच्या फोटोंवर बसून तुम्ही एकेका पक्ष्याला खोटा पत्ता दिलात. कुणापासून लपवायला? कपाट कोण उघडणार होतं?

मीच ना.

मी रडले नाही. घाबरले. जागांची तीच खोटी नावं घालून मी एखादी हरकत केली असती, तर कोरड्या माळावरचा पक्षी धरणावर दाखवला म्हणून भर कचेरीत आम्हाला हसून बाहेर काढलं असतं. आणि आता खरी नावं कुठून आणायची? अक्काचं तोंडी सांगणं कोण धरणार?

"अक्का, हा तिथलाच, हे कशावरून म्हणायचं?"

अक्काने हातातला फोटो खाली ठेवला. मग म्हणाली, "रीळनी पट्टी काढ. पहिला फोटू मना व्हई."

कॅमेऱ्यात नवं रीळ घातलं की पहिल्या फ्रेमला बहुतेक उजेड लागलेला असतो, ती अर्धी जळते. पक्ष्यावर ती वाया का घालवायची, म्हणून तुम्ही कॅमेरा अक्काकडे वळवायचात आणि बटण दाबायचात. "त्या म्हनेत, हाऊ तं वायाच जास," अक्का म्हणाली. वाया जाणारी फ्रेम म्हणून ती कधी छापली नाही. म्हणून घरात अक्काचा एकही फोटो नाही.

खिडकीच्या काचेवर आम्ही पट्ट्या धरल्या. पहिल्या चौकोनात अक्का. कडेला जळाल्याची काळी धार, आणि मधे उभी अक्का. कधी डोक्यावर टोपली, कधी डबा हातात, कधी कॅमेऱ्याकडे हात करून नको म्हणणारी. निगेटिव्हमध्ये तिचे काळे केस पांढरे दिसत होते. म्हणजे खिडकीत उभी राहून पट्टी बघणारी आजची अक्का, आणि पट्टीतली तिशीतली अक्का, दोघींचे केस सारखे. तिच्या मागे टेकडीची रेघ. कोणती टेकडी, ते इथे लिहीत नाही. आणि त्याच पट्टीवर, न कापलेल्या, चौथ्या-पाचव्या चौकोनात धाविक. मागे तीच रेघ.

मी पट्ट्या घेऊन जळगावला तुमच्या त्या फोटोवाल्या शेठकडे गेले. आजोबा राजस्थानातून आले, ते मराठी शिकता शिकता अर्ध्यात थांबले आणि नातू तिथून पुढे बोलतो, असं तुम्ही ज्यांच्याविषयी म्हणायचात ते. त्यांनी काउंटरवरची काच पुसली, पट्टी ठेवली आणि म्हणाले, "ताई, ह्या बाईंना मी तीस वर्षं ओळखतो. कधी भेटलो नाही. नानांना विचारायचो, ही छापू का? छान आली. ते म्हणायचे, राहू द्या, फक्त पट्टी कापू नका." मग त्यांनी पाकिटांवरचे आपले जुने शिक्के दाखवले. प्रत्येकावर तारीख. तारखेवर तुम्हाला खोडरबर चालवता आलं नव्हतं. दुकान बंद करून ते दोन दिवस माझ्यासाठी जुन्या मशीनवर बसले, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बोलू नका. माझं गिऱ्हाईक गेलं आहे."

पट्टी कापू नका, असं तुम्ही का म्हणालात, नाना? कधीतरी पुरावा लागेल म्हणून, की अक्का आणि पक्षी एकाच पट्टीवर राहावेत म्हणून?

मला वाटलं होतं की रिळं बंद झाली, डिजिटल आला, तिथून पुढे काही मिळणार नाही. डिजिटलमध्ये पहिली फ्रेम वाया जात नाही. जळत नाही काही. मी तुमची हार्डडिस्क लावली. प्रत्येक वर्षाच्या, प्रत्येक सहलीच्या फोल्डरमध्ये पहिला फोटो अक्काचा. केस हळूहळू खरोखरचे पांढरे होत गेलेली अक्का. गेल्या उन्हाळ्यापर्यंत. मी तिला बोलावून दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ स्क्रीनकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "यामा रीळ नही ऱ्हास ना?"

"नाही, अक्का."

"मंग हाऊ काब्र काढा?"

का काढला, हे मी कसं सांगणार? तुम्ही असायला हवे होतात. चाळीस वर्षं तिचं एकच गाऱ्हाणं होतं, आणि त्याचं उत्तर तुमच्या कपाटात पडून होतं. याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

तरी एक गोष्ट राहत होती. समोरचे म्हणतील, हे सगळं मागचं, आज तिथे काय आहे ते दाखवा. म्हणून परवा आम्ही दोघी अक्काच्या भावाकडे मुक्कामाला गेलो. तिची भावजय दारातच म्हणाली, "महिना तरी व्हऊ देता अक्का. लोके काय म्हनतीन?" अक्का पायरीवर पाय धूत म्हणाली, "खान महिनाभर थांबाव शे का?"

काल पहाटे माळावर गेलो. तुम्ही मला तिथे कधीच नेलं नव्हतं. लांबून खरंच काही नाही तिथे, नाना. पिवळं वाळकं गवत, बोरीची झुडपं, मुरूम. अहवाल लिहिणारा गाडीतून उतरला नसेल, तर त्याने खोटं लिहिलं असंही म्हणवत नाही. एका कोपऱ्यात पोकलेनने चाचणीचा खड्डा मारून ठेवलाय, जमिनीचं साल सोलल्यासारखा. त्यांना निकाल माहीत असल्यासारखं वाटलं.

मी तुमचा कॅमेरा काढला, चालू केला, आणि विचार न करता आधी अक्काकडे वळवला. तिने पदर सारखा केला. "मना काढू नको. वाया जाई."

"पहिला वायाच जातो, अक्का."

तिने हात खाली घेतला.

मग चालता चालता तिने सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई म्हणून तुम्ही आलात, उसना कॅमेरा घेऊन, आणि मेंढपाळाला विचारत होतात की इथे काही दिसतं का. तो म्हणाला, टिटव्या शेतस, बाकी काय नही. शेळ्या चारून वाढलेल्या अक्काला मात्र माहीत होतं की टिटवीपेक्षा वेगळी, ओरडाआरडा न करणारी, नुसती पळणारी एक आहे. "पहिली धाविक त्यासले मीच दाखाडी," ती म्हणाली. तुम्ही हे कधी कुणाला सांगितलं नाहीत. जागा लपवलीत, ठीक. दाखवणारीला का लपवलंत?

मी हेच मोठ्याने म्हणायच्या बेतात होते, पाय उचललेला होता, आणि अक्काने माझं मनगट घट्ट धरलं. "हालू नको."

माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर, शेळ्यांच्या लेंड्यांमध्ये, दोन अंडी होती. मुरमाच्या रंगाची, काळे ठिपके. मी आणखी एक पाऊल टाकलं असतं तर सगळा पुरावा मीच तुडवला असता. दुसऱ्यांदा.

कॅमेरा माझ्या हातात होता. यापेक्षा पक्कं काही नाही. मशीनचा खड्डा मागे, अंडी पुढे, एका चौकटीत. एक क्लिक. माझं बोट बटणावर होतं. आणि ऊन वर येत होतं. तुमचा नियम मला पाठ आहे. अंड्यांचा फोटो नाही. आपण उभे राहतो तेवढा वेळ पाखरू लांब राहतं, आणि तेवढ्यात अंडी भाजतात. मी बंधाऱ्यावर या नियमाशीही भांडले होते. अंडी वाचवायला एक फोटो काढला तर काय बिघडलं, म्हणाले होते. तुम्ही दुर्बीण पुढे केली होती.

अक्का माझ्याकडे बघत होती, तुम्ही बघायचात तशी नाही. तुमच्या बघण्यात शिकवणं असायचं. ती नुसती वाट बघत होती.

मी बोट काढलं. आपल्याच पावलांवर पाय ठेवत आम्ही मागे गेलो, लांब, बोरीच्या झुडपाआड. मी बसले, नाना. दहा मिनिटं सलग गप्प बसत नाही म्हणायचात त्या मुलीने तासभर तोंड उघडलं नाही. धाविक पळत आली, थांबली, पळाली, थांबली, आणि अंड्यांवर सावली करून उभी राहिली. मी फोटो काढला. लांबून, उन्हाच्या लाटांतून. फार वाईट आलाय. ठिपका आहे एक, त्याला पाय आहेत. तुम्ही तो छापायला दिला नसता. मी जोडपत्रात लावलाय.

आता भीती काय काय आहे ते सांगते. उद्या ते म्हणतील, हा ठिपका म्हणजे टिटवी. म्हणतील, निगेटिव्ह कुठलंही असू शकतं. वकील अक्काला घाई करतील आणि ती गडबडेल. आणि सगळ्यात मोठी भीती, आपण जिंकू. मग माळाचं नाव कागदावर येईल, वर्तमानपत्रात येईल, आणि रविवारी मोटारसायकली येतील. मी तीच मुलगी आहे ना, नाना, नकाशा काढणारी? हे सगळं मी अक्काला बोलून दाखवलं. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "माळ दाखाडसू. तिनं घर दाखाडाव नही. साहेबले बी नही."

इतकं सोपं होतं का हे? आपण सात वर्षं भांडलो. सगळं सांगायचं की काहीच नाही सांगायचं, एवढ्याच दोन बाजू आपल्याला दिसल्या, आणि दशम्या करून देणारीला कुणी विचारलं नाही.

आज दुपारी मी हरकत लिहून पूर्ण केली. चार पानं. चांगली लिहिलीय, खोटं कशाला बोलू. पडीक या शब्दावर एक अख्खा परिच्छेद आहे. अक्का म्हणाली, वाचून दाखव. मी उभी राहून वाचली, बाबांनी फाटकाशी वाचायला शिकवलं होतं तशी. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"हाई तुनं पत्रक शे," ती म्हणाली. "हरकत कोन घी राहिनं?"

"मी, अक्का. खाली माझी सही आहे."

"तू तठे कवय गयी व्हती?"

काल, मी म्हणणार होते. म्हटलं नाही. चार पानं बाजूला ठेवली आणि कोरा कागद घेतला. हरकत घेणाऱ्याच्या जागी तिचं नाव लिहिलं, सुमनबाई, आणि पुढे तुमचं. हरकतीचं कारण लिहायला रकाना आहे, तिथे येऊन माझं पेन थांबलं. मी विचारलं, काय लिहू. पलंगावर सगळे छापलेले फोटो मांडलेले होते, शेठजींनी मोठे करून दिलेले. काठ जळालेल्या अक्का, एकीशेजारी एक, कितीतरी उन्हाळ्यांच्या, प्रत्येकीच्या मागे तीच टेकडी. तिने त्यांच्यावरून एकदा हात फिरवला, धूळ पुसावी तसा. उद्या त्या सगळ्या माझ्या पिशवीतून कचेरीत जातील, आणि मी मागच्या बाकावर बसेन, तोंड न उघडता.

"लिख," अक्का म्हणाली. "मी तठे व्हती."